चढलेला गंधार

"गंधार चढलाय की रे, बाळ," मंगळवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या आजी आज खिडकीतूनच म्हणाल्या, तेव्हा आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट-बोर्डाला जोडलेल्या स्पीकरमधून षड्ज (सा) आणि गंधार (ग) एकत्र वाजत होते.

षड्ज २४० हर्ट्झ धरला, तर पेटीच्या समान विभागणीतला (सप्तकाचे बारा सारखे भाग) शुद्ध गंधार सुमारे ३०२.४ हर्ट्झ येतो. तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार मात्र ५:४ या प्रमाणाने नेमका ३००. फरक एवढासा असला, तरी षड्जाचा पाचवा आणि गंधाराचा चौथा स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारा, त्याच्या पटीतला सूक्ष्म स्वर) एकमेकांशी न जुळल्यामुळे आवाज सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथरतो, आणि आजींच्या कानांनी तीच थरथर टिपली होती.

प्रोग्रॅममधला एक आकडा बदलताच स्वर स्थिर झाला. जयपूर-अत्रौली घराण्याचे थोर गायक अल्लादियाखाँसाहेब यांच्या या कोल्हापुरात असे कान किती घरांत असतील, आणि यंत्रे जुळवणारे आम्ही त्यांना कधी विचारतो का?