लेझरडिस्कच्या तीन कॉप्या आणि माझी पिवळी वायर

मागच्या मे महिन्यात भाचा पुण्याहून अमळनेरला आला, तीन दिवस आमरस खाल्ला आणि जाताना एक हार्डडिस्क माझ्या हातात टेकवून गेला. म्हणे मामा, यात एकाच पिक्चरच्या तीन कॉप्या आहेत, तिन्ही लेझरडिस्कवरून हौशी लोकांनी घरी बसून केलेल्या, मला एकच ठेवायचीय, तू शूटिंगवाला माणूस, तू सांग कुठली चांगली. भाचा म्हणजे आमच्याकडे मामाने पाया पडायची जागा, नाही कसं म्हणणार. आणि खरं सांगतो, मला वाटलं यात काय एवढं, तीस वर्षं लग्नं शूट केली, व्हीएचएसपासून सगळं हाताखालून गेलं, एका संध्याकाळी सांगून टाकू. लागले अठरा दिवस, त्यातले पहिले पाच तर माझ्याच येडेपणात गेले.

लेझरडिस्क मी स्वतः कधी चालवलेली नाही हे आधीच सांगतो. आमच्या भागात व्हीसीआरचीच चलती, रात्रभर भाड्याने आणायचा आणि गल्लीत तीन पिक्चर बघायचे. ही डिस्क म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी सीडी, ३० सेंटीमीटर, अमेरिकेत १९७८ ला बाजारात आली. दिसते सीडीसारखी म्हणून माझा समज होता की आतलं चित्रही डिजिटल असेल, तर नाही, आवाज पुढे डिजिटल झाला पण चित्र शेवटपर्यंत ॲनालॉग. व्हीएचएसवर आडवं मोजलं तर २४० च्या आसपास रेघा मिळतात, यावर ४२५ च्या आसपास, म्हणजे त्या काळात घरात बसून याच्यापेक्षा चांगलं काही नव्हतं. पण मेख अशी की डिस्कवर काळं-पांढरं चित्र आणि रंग एकाच सिग्नलमध्ये कालवलेले असतात, कंपोझिट. ते वेगळे करायचं काम कोंब (इंग्रजीतला comb, म्हणजे कंगवा) फिल्टर नावाचं सर्किट करतं, आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

पिक्चर म्हणाल तर १९७७ चा स्टार वॉर्स. तो १९९७ ला दिग्दर्शकाने नवीन सीन घालून, जुने बदलून परत आणला, त्यामुळे लोकांनी लहानपणी थेटरात बघितलेला मूळ पिक्चर पाहिजे असेल तर जुन्या टेपा आणि डिस्काच शोधाव्या लागायच्या. २००६ ला डीव्हीडीवर जुना कट दिला खरा, पण तोही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी बनवलेल्या मास्टरवरून, म्हणजे ज्यावरून डिस्क छापतात त्या मूळ टेपवरून, वरखाली काळ्या पट्ट्यांसकट. त्यामुळे लोक प्लेअर, कॅप्चर कार्ड घेऊन स्वतःच कामाला लागले. भाच्याकडच्या तिन्ही कॉप्या त्याच १९९३ च्या सेटवरच्या. (हे कायद्यात बसतं का हा प्रश्न मी त्याला विचारला, तर त्याने विषय बदलून आमरस वाढून घेतला.)

नावं बघून मत बनू नये म्हणून बायकोला सांगितलं, तीन डीव्हीडी राईट करून देतो, तू त्यांच्यावर तुझ्या मनाने काहीपण लिही. तिने केळी, शेव आणि भरीत असं लिहिलं. तीच नावं पुढे चालू राहिली, आता भाचाही फोनवर विचारतो, भरीतचं काय झालं.

हॉलमधल्या मोठ्या एलईडीवर पहिल्याच रात्री केळी एकदम भारी वाटली, रंग असे की काय विचारू नका. शेव त्याहून कडक, एक एक केस दिसतोय. भरीत मात्र नावाप्रमाणे, मऊ, राखाडी, सगळीकडे वळवळ. मी मनातल्या मनात शेवला नंबर देऊन मोकळा. मग लक्षात आलं की टीव्ही डायनॅमिक मोडवर आहे, पोरांनी क्रिकेटसाठी लावलेला, वरून हालचाल गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग चालू. म्हणजे टीव्ही स्वतःच चित्राला मेकअप करून दाखवतोय आणि मी मार्क देतोय. ते बंद केलं, आणि तरी भरवसा वाटेना म्हणून दुकानातला जुना २९ इंची ट्यूबचा टीव्ही माळ्यावरून काढला. पंचेचाळीस डिग्रीत, दोन पोरं आणि मी. त्या टीव्हीचं वजन ज्याने उचललंय त्यालाच माहीत.

डीव्हीडी प्लेअर जोडला, लावली केळी. सुरुवातीला काळ्या आभाळात पिवळी अक्षरं वर सरकत जातात, त्या अक्षरांच्या कडेने बारीक ठिपके चालताना दिसले, गुळाच्या ढेपेला मुंग्या लागतात ना तसे. याला डॉट क्रॉल म्हणतात, कोंब फिल्टर नीट नसला की रंगाचा सिग्नल चित्रात घुसतो आणि अशा मुंग्या सुटतात, एवढं मी वाचलेलं होतं. शेव लावली, मुंग्या. भरीत, मुंग्या. झालं, भाच्याला नऊ मिनिटांचा व्हॉईस मेसेज टाकला की तिन्ही कॉप्या बेकार, करणाऱ्यांना कोंब फिल्टर म्हणजे काय ते माहीत नाही, फुकट जागा अडवून बसल्यात, डिलीट मार.

पाचव्या दिवशी एका गिऱ्हाईकाची जुनी लग्नाची डीव्हीडी तपासायला त्याच प्लेअरवर लावली. मीच शूट केलेली, मीच एडिट केलेली, लेझरडिस्कचा काही संबंध नाही. टायटल आलं, 'चि. सौ. कां.' आणि लाल अक्षरांच्या कडेने मुंग्या.

वायर बघितली तर पिवळी. एकच पिवळी वायर म्हणजे कंपोझिट, म्हणजे माझा डीव्हीडी प्लेअर वेगळे झालेले रंग परत कालवत होता आणि टीव्ही ते परत वेगळे करत होता, आणि शिव्या मी घालतोय कुणाला, तर त्या कुठल्याकुठच्या बिचाऱ्यांना. कुणाचं पाप कुणाच्या माथी. लाल-हिरव्या-निळ्या तीन पिनांची कंपोनंट वायर दुकानात धूळ खात पडली होती, ती लावली, माझ्या लग्नाच्या मुंग्या गायब. शेवच्या गायब, भरीतच्या जवळजवळ गायब, केळीच्या मात्र तशाच, म्हणजे केळीत त्या कॅप्चर करतानाच शिरल्यात. भाच्याला परत मेसेज केला, यावेळी चाळीस सेकंदांचा.

ह्या भानगडीनंतर मी पद्धतच बदलली. कुठलाही दोष दिसला की आधी एवढंच विचारायचं, हा आला कुठून. फिल्मवरून, मास्टरवरून, डिस्कवरून, प्लेअरवरून, कॅप्चर करणाऱ्याकडून का माझ्या घरातून. आणि उत्तर काढायला तिन्ही कॉप्यांची तीच फ्रेम शेजारी ठेवायची. उदाहरण सांगतो, हालचाल झाली की चित्र मागे ओढल्यासारखं होतं, ओल्या रंगावरून बोट फिरवल्यासारखं. भरीतमध्ये ते मला पहिल्यांदा दिसलं आणि मी लगेच तिचे मार्क कापले. पण त्याच फ्रेमा बाकी दोघींत काढल्या तर त्याच जागी तोच फराटा. म्हणजे दोष कॅप्चरवाल्याचा नाही, त्या १९९३ च्या मास्टरवर कचरा आणि ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक दाणे, काढायला डीव्हीएनआर नावाचं मशीन जास्तच जोरात चालवलेलं आहे, ते डिस्कवरच छापून आलंय, ते कुणाच्या बापाला निघणार नाही. तिघींना सारखेच मार्क.

पांढरे-काळे ठिपके दिसतात त्यांचंही तसंच. फिल्मवरचा कचरा वाकडातिकडा असतो आणि फिल्मच्या त्या अख्ख्या फ्रेमभर टिकतो. डिस्कवरचा ड्रॉपआऊट म्हणजे आडवी बारीक रेघ, अर्ध्या चित्रात, म्हणजे एकाच फील्डमध्ये येऊन जाते. आणि डिस्कच्या आतला ॲल्युमिनियमचा थर गंजला, ज्याला लेझर रॉट म्हणतात, तर रंगीत ठिपक्यांचा पाऊस पडतो. भरीतमध्ये कचरा भरपूर, रॉट नाही. डिस्क तब्येतीने चांगली होती.

मग कॉम्प्युटरवर फ्रेम फ्रेम पुढे ढकलत बसलो, व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस (दोन फील्डमधला कंगवा लपवणारी सोय) बंद करून ई दाबत राहायचं. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, अमेरिकन टीव्ही जवळपास ३० चा, त्यामुळे फिल्मची एक फ्रेम दोन फील्ड दाखवतात, पुढची तीन फील्ड. आपण सगळे पाल (PAL) या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीतली, २५ वाली माणसं, आपला याच्याशी कधी संबंधच आला नाही. बरोबर कॉपीत पाच-पाच फ्रेमांचा ताल लागतो, तीन साफ आणि दोन कंगवा मारल्यासारख्या. भरीतमध्ये हा ताल शेवटपर्यंत सुटत नाही, मी वीसेक ठिकाणी तपासलं. साफ ताल म्हणजे त्यातून मूळ २४ फ्रेमा परत काढता येतात. केळी मात्र कुणीतरी पालमध्ये बदललेली, आणि बदलताना दोन-दोन फ्रेमा एकमेकींत मिसळून टाकलेल्या. एका फ्रेमवर थांबलं की माणसाला चार हात. चालू असताना डोळ्याला एवढं कळत नाही, नुसतं काहीतरी दुधाळ वाटतं, पण ती मिसळलेली फ्रेम आता परत सुटी होत नाही, ताकातून दूध काढण्यासारखं आहे. केळी तिथेच बाद.

शेवचं दुःख मला जास्त झालं कारण तिच्यात मी स्वतःला बघितलं. प्रत्येक कडेला बाहेरून एक पांढरी रेघ, हेलो. नवरीचे दागिने चमकले पाहिजेत म्हणून शार्पनेस किती वाढवायचा ह्यात माझी हयात गेली, जळगावचं सोनं घातलेली नवरी आणि हार मऊ दिसला तर सासूबाई पैसे कापतात. शेववाल्याने तेच केलं. आधी ग्रेन पुसला, मग शार्पनेस मारला, त्यामुळे चेहरे मेणाचे आणि कडा ब्लेडच्या. शिवाय ४:३ च्या चौकटीत ह्या रुंद पिक्चरला ४८० पैकी २७० च्या आसपासच ओळी मिळतात, बाकी काळी पट्टी. शेवमध्ये त्या ओढून ३६० च्या वर नेल्यात. ओढल्या म्हणून आत नवीन काही येत नाही, पिठात पाणी घातलं की भाकरी मोठी होते का?

काळ्या रंगासाठी डोळ्यावर विसंबलोच नाही, प्रत्येकीची एक फ्रेम एडिटिंगमध्ये घेऊन वरच्या पट्टीची किंमत बघितली. ० ते २५५ च्या मोजपट्टीत काळं १६ ला यायला पाहिजे. शेवचं बरोबर १६, पण पिक्चरमधल्या काळ्या झग्याच्या घड्या पण १६, सगळं गडप. भरीतची पट्टी ३२ च्या आसपास. हे बघून मला पहिले दोन दिवस काही कळलं नाही, मग उलगडलं. अमेरिकेत काळं शून्यावर नसतं, साडेसात टक्क्यांवर उचललेलं असतं, जपानमध्ये शून्यावर. भरीतवाल्याने ते साडेसात टक्के कॅप्चर करताना काढायचे राहून गेले, म्हणून ती राखाडी. पण झग्याच्या सगळ्या घड्या शाबूत! टीव्हीचा ब्राइटनेस थोडा खाली घेतला की चित्र जागेवर. तेव्हा माझं मत फिरलं ते फिरलंच. जो दोष आपल्याला घरी काढता येतो त्याचे मी अर्धा मार्क कापतो, जो काढता येत नाही त्याचे दहा.

मग भरीत एकदम पास का? नाही ना. एका रात्री, अकरा वाजून गेलेले, कूलर चालू, आई झोप येत नाही म्हणून येऊन बसली. तिला यातलं काही माहीत नाही, समोर तो सोनेरी रोबो बडबडत होता. मध्येच अहिराणीत म्हणाली (पितय म्हणजे पितळ), "हाऊ पितयना बाहुला आत्ते लालसर व्हता ना रे, हिरवा कसा व्हई गया?"

मी मागे घेतलं आणि परत बघितलं. खरंच. आणि ती जागा नेमकी डिस्कची बाजू बदलण्याची होती. हा सेट सीएव्ही प्रकारचा, एका बाजूला ३० मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या पिक्चरचे चार-पाच तुकडे. भरीतवाल्याने एक बाजू वेगळ्या सेटिंगवर कॅप्चर केलेली, टिंट म्हणजे रंगाची छटा सरकलेली. अमेरिकन पद्धतीत टिंटचं बटण फिरवलं की माणूस हिरवा नाहीतर जांभळा होतो, आपल्या पालमध्ये ती सोयच नाही त्यामुळे माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. सांधे तपासायचे हे मला सुचायला पाहिजे होतं, लग्नात कॅसेट बदलताना सप्तपदीतली दोन पावलं गेल्याचा अनुभव मला आहेच. बाकीचे सांधे मग बघितले, एके ठिकाणी संगीताचा अर्धा सेकंद गायब, बाकी ठीक.

एक गोष्ट भाच्याने नंतर विचारली, एस-व्हिडिओने (काळं-पांढरं आणि रंग वेगवेगळे नेणारी वायर) केलेली कॉपी चांगली असेल ना मामा? लेझरडिस्कच्या बाबतीत तसं काही नाही. डिस्कवरच कालवलेलं आहे, एस-व्हिडिओ लावलं तर वेगळं करायचं काम प्लेअर करणार, कंपोझिट लावलं तर पुढचं यंत्र करणार, दोघांपैकी ज्याचा कोंब चांगला त्याचं ऐकायचं. आता तर लोक प्लेअरचं सर्किटच टाळतात, लेझरकडून आलेला कच्चा सिग्नल सरळ कॉम्प्युटरमध्ये घेतात आणि सॉफ्टवेअरने चित्र उलगडतात, एकाच पिक्चरच्या तीन-चार डिस्का घेऊन एकीचा ड्रॉपआऊट दुसरीने भरून काढतात. तशी कॉपी मी अजून हाताळलेली नाही.

आवाजाचं पटकन सांगतो, भरीत आणि केळीत डिस्कचा पीसीएम, म्हणजे डिजिटल, आवाज न दाबता घेतलाय, शेवमध्ये दाबलेला. त्यातही भरीत.

भाच्याला कळवलं, भरीत ठेव, तो हिरवा तुकडा मी दुरुस्त करून देतो, टिंट उलटा फिरवायचा, बाकी हात लावायचा नाही, शार्पनेसला तर अजिबात नाही. तो म्हणाला मामा, मग शेव डिलीट करू? मी म्हटलं कर. हार्डडिस्क अजून माझ्याकडेच आहे, आणि आईने काल परत विचारलं, त्या पितयना बाहुलाना रंग जागावर उना का.