नावं आलेखावरच लिहा

‘आविष्कार’ ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा जवळ आली की आमच्या कॉलेजात पोस्टरची धांदल उडते. मजकूर उभ्याने कोण वाचतो? परीक्षक चालता चालता थबकतात ते आलेखापाशी. म्हणून मी मुलांच्या मागे लागते ती आलेखासाठीच.

यंदा एका मुलीने २६ जुलै २००५चा पाऊस घेतला होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर, आणि त्याच वेळात कुलाब्याला जेमतेम ७३. पहिला आकडा मुंबईकराला पाठ असतो, दुसरा ऐकला की तो चमकतो. तिच्या एक्सेलच्या आलेखात मात्र थ्रीडी खांब, मागे करड्या रेघांची जाळी आणि कुठला रंग कुठल्या वेधशाळेचा हे सांगणारी चौकट पार कोपऱ्यात. थ्रीडीत खांबाचं टोक कुठल्या रेघेला टेकलंय हेच धड कळत नाही. आम्ही दोघींनी बसून खांब सपाट केले, जाळी आणि चौकट काढून टाकली, ‘सांताक्रूझ ९४४’, ‘कुलाबा ७३’ असं खांबांवरच लिहिलं. उभा अक्ष शून्यापासूनच ठेवला, कारण डोळा खांबाची लांबी मोजतो. खालून कापला की तुलनाच खोटी पडते. ‘आकृती २ : पर्जन्यमानातील तफावत’ हे शीर्षक गेलं आणि ‘एकाच शहरात जवळजवळ तेरा पट पाऊस’ हे आलं. कुलाब्याचा खांब इवलासा दिसतो म्हणून ती कुरकुरत होती. अगं, तेच तर तुला दाखवायचंय!

लाल-हिरवी जोडी मी वापरू देत नाही. रंगांधळेपणा असलेल्या बहुतेकांचा घोळ याच दोन रंगांत होतो, आणि तो पुरुषांत जास्त आढळतो. निळा आणि नारिंगी घ्या. ओकाबे आणि इतो या जपानी संशोधकांनी अशा लोकांनाही वेगळे ओळखू येतील असे आठ रंग सुचवले आहेत, त्यांचे कोड नेटवर सहज मिळतात.

अक्षरांचा आकार तपासायची माझी आवडती युक्ती: ए-झीरो मापाचं मोठं पोस्टर आधी नेहमीच्या ए-फोर कागदावर छापून बघा. प्रत्येक बाजू पावपट होते, म्हणजे चोवीस पॉइंटचं अक्षर सहाचं होतं. ए-फोर एका फुटावरून वाचता आलं, तर पोस्टर चार फुटांवरून वाचता येईल. अक्षांवरचे आकडे इथेच हमखास मार खातात.

आणि कृपा करून आलेखाचा स्क्रीनशॉट चिकटवू नका, एवढ्या मोठ्या छपाईत इमेज फाटते, म्हणजे कडा धूसर आणि दातेरी दिसतात. आलेख पीडीएफ किंवा एसव्हीजी (मोठं केलं तरी रेघा स्पष्ट ठेवणारी फाइल) मध्ये काढा आणि चारशे टक्के झूम करून कडा घरीच बघून घ्या. प्रिंटवाल्याच्या दुकानात रांग असते, तिथे दुरुस्तीला कुणी थांबत नाही.