वॉटर्लूच्या किनाऱ्यावरची चाळीस मिनिटं

बस वॉटर्लूच्या किनाऱ्याला लागली आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "ताई, हा धूर कसला?" समोर समुद्रात पांढरं देऊळ, आणि त्याच्या अलीकडे, किनाऱ्यावरच, नुकतीच पेटलेली चिता.

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाच्या सहलीतला दक्षिण भागाचा दिवस मी गाइड म्हणून आतापर्यंत चारदा केलाय. त्याचं वेळापत्रक ऊन, भरती आणि पक्षी मिळून ठरवतात. हे आमच्या सहल कंपनीच्या ऑफिसला अजून पटलेलं नाही. त्यांच्या तक्त्यात "समुद्रातलं मंदिर, फोटोस्टॉप, ३० मि." असं वर्षानुवर्षं सकाळी नऊला छापलेलं असतं. पारियाच्या आखातात ओहोटी लागली की देवळाभोवती पाणी राहतच नाही, करड्या चिखलाचं मैदान उघडं पडतं. माणसं एवढा लांबचा प्रवास करून येतात आणि चिखलातल्या देवळाचे फोटो काढतात. म्हणून मी आदल्या रात्री भरती-ओहोटीचा तक्ता बघते. त्या दिवशी भरती दुपारी दोनच्या सुमाराला होती, त्यामुळे वॉटर्लू दुपारी टाकलं.

सकाळी पोर्ट ऑफ स्पेनहून सातच्या आत निघायचं. त्या वेळी सगळी रहदारी राजधानीकडे येत असते, आपण उलट दिशेला, रस्ता मोकळा. वाटेत डबल्स. हळद-जिरं घातलेले दोन मऊ, तळलेले बारे (आपल्या वड्याचाच हा भाऊबंद) आणि मध्ये रसदार चणे. कागदात गुंडाळून देतात, उभ्यानं खायचं. शाकाहारी ग्रुपला सकाळी याच्यासारखं दुसरं काही नाही. मिरचीचा सॉस किती, असं विचारलं की "स्लाइट" म्हणायचं, असं मी बसमध्ये दोनदा सांगते. तरी कोल्हापूरकर काकांनी "फुल" सांगितलंच. पुढचा तासभर काका एकदम शांत होते.

नऊला ला ब्रेआचा पिच लेक. सुमारे १०० एकरांचं नैसर्गिक डांबराचं तळं, १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेनं इथल्याच डांबरानं जहाजाच्या फटी बुजवल्या. पहिल्या नजरेला ते पावसानंतरच्या पार्किंगसारखं दिसतं, आणि "एवढंच?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर पायाखाली असतं. टाच रुतते, काढली की खळगा राहतो, आणि थोड्या वेळानं तो आपोआप भरू लागतो. स्थानिक गाइडशिवाय आत जायचं नाही. वरून सारखाच दिसणारा पृष्ठभाग कुठे घट्ट आणि कुठे ताजा, ते त्यालाच कळतं. सपाट तळव्याचे बूट हवेत, आणि एका जागी फार वेळ उभं राहायचं नाही. अकरानंतर ऊन चढलं की डांबर आणखी मऊ होतं, म्हणून हे सकाळीच उरकायचं. माझ्या पिशवीत खोबरेल तेलाची बाटली आणि जुने रुमाल असतात. पायाला लागलेलं डांबर साबणानं जात नाही, तेलानं जातं. ही बाटली कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

साडेबाराला कारापिचाइमा. तिथलं दत्तात्रेय मंदिर आणि ८५ फुटी हनुमान. मराठी माणसाला कॅरिबियनमध्ये दत्त भेटतो, त्या क्षणी गाइडनं गप्प बसावं. दुपारी फरशी तापते, चप्पल काढायची असते, म्हणून मी मोजे आणायला सांगते. इथपर्यंत दिवस उत्तम चालला होता.

पुढे पाच-दहा मिनिटांवर वॉटर्लू.

देवळाची गोष्ट मी बसमध्येच सांगते. भारतातून करारावर मजूर म्हणून आलेल्या कुटुंबातले सिवदास साधू. १९४७ मध्ये त्यांनी साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. कंपनीनं ते पाडायला लावलं, साधूंना १४ दिवसांचा तुरुंग झाला. जमीन कंपनीची, पण समुद्र कोणाचा? सायकलवरून दगड-सिमेंट नेऊन त्यांनी पाण्यात भर घातली आणि तिथे देऊळ उभं केलं. पंचवीस वर्षं हे चाललं. लाटांनी खचलेली ती वास्तू १९९५ मध्ये, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, नव्यानं बांधली गेली. ही गोष्ट ऐकताना कोणी मोबाइल बघत नाही.

पण शेजारी स्मशानघाट आहे, हे मी सांगितलं नव्हतं. आधीच्या तिन्ही खेपांना मी सकाळी आले होते, तेव्हा घाट रिकामा होता.

अठरापैकी अकरा जण बसमधून उतरलेच नाहीत. एक गृहस्थ म्हणाले, "ताई, तुम्ही आम्हाला स्मशानात आणलंत. आता आंघोळ कुठे करायची?" त्यांना चितेपेक्षाही बाकीचं खटकत होतं. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका चितेजवळ उभ्या होत्या. स्पीकरवर भजन चालू होतं. पंडितजी मंत्र संस्कृतमध्ये म्हणत होते आणि अर्थ इंग्रजीत सांगत होते. एक मुलगा फोन उंच धरून परदेशातल्या नातेवाइकांना सगळं दाखवत होता. शवपेटी घेऊन आलेली लांब काळी गाडी आमच्या बसला लागूनच उभी.

सात जण देवळात गेले. पाणी भरलेलं, झेंड्या फडफडत होत्या, हवा होता तसा फोटो. त्यांच्यातल्या नाशिकच्या आजी परत येताना वाटेत थांबल्या, चितेकडे तोंड करून हात जोडले आणि बसमध्ये येऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत.

बाकीच्यांसाठी मी पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन उघडले. पाय धुतले, चूळ भरली, डोळ्यांना पाणी लावलं. चाळीस लिटर गेलं आणि चाळीस मिनिटंही. ते पाणी संध्याकाळच्या बोटीसाठी होतं.

कॅरोनी दलदलीच्या बोटी चारच्या सुमाराला सुटतात. लाल आयबिस, म्हणजे त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी, सूर्यास्ताच्या आधी तिवरांच्या एका बेटावर उतरतो आणि बोटवाला तुमच्यासाठी सूर्य थांबवू शकत नाही. आम्ही चार वाजून पाच मिनिटांनी धापा टाकत पोहोचलो. बोट दोर सोडण्याच्या बेतात होती. दोघे "आंघोळीशिवाय नाही" म्हणून बसमध्येच राहिले, माझ्या मते सगळ्या सहलीतलं सगळ्यात सुंदर दृश्य त्यांनी घालवलं. बोट बेटापासून लांब उभी करतात, इंजिन बंद, दोर तिवराला. "जवळ न्या" म्हणू नये. जवळ गेलं तर पक्षी उतरतच नाहीत. आधी करडी पिल्लं दिसतात, मग एकेक थवा, आणि हिरव्या बेटावर हळूहळू लाल ठिपके भरत जातात. खेकड्या-कोळंब्यांतून मिळणाऱ्या रंगद्रव्यामुळे ही लाली येते.

परतीच्या रस्त्यात मी ड्रायव्हर अंकलशेजारी बसले होते. अंकल साठीचे, वॉटर्लूजवळच्याच गावचे. ते म्हणाले, "मिस, सकाळच्या रेडिओवर सांगितलं होतं. वॉटर्लू, एक वाजता." त्रिनिदादमध्ये रेडिओवर निधनाच्या बातम्या वाचतात. नाव, गाव, मुलं-नातवंडं कोण, अंत्यविधी कुठे आणि किती वाजता. बसमध्ये त्या बातम्या वाजत होत्या आणि मी मागे डबल्सच्या ऑर्डरी मोजत होते.

"मग सांगितलं का नाही, अंकल?"

"का सांगायचं? तुम्हीही हिंदूच ना?" थोड्या वेळानं ते म्हणाले, "माझ्या आजीला अग्नी तिथेच दिला." त्रिनिदादमध्ये आजी म्हणजे फक्त वडिलांची आई, आईची ती नानी. मागच्या सीटवरून नाशिकच्या आजींना तेवढा एकच शब्द कळला. "काय म्हणतात हो ते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "अस्थी कुठे सोडल्या, विचारा."

"तिथेच, पाण्यात," अंकल म्हणाले.

दोन दिवसांनी मी ऑफिसला तक्त्यात बदल सुचवला. भरतीची वेळ बघून जागा ठरवावी, आणि कंसात "शेजारी स्मशानघाट". पहिलं मान्य झालं. दुसऱ्यावर उत्तर आलं की असं छापलं तर बुकिंग कोण करेल. त्यांचंही अगदी खोटं नाही. पुढचा ग्रुप फेब्रुवारीत आहे. अंकलना सांगून ठेवलंय की सकाळी रेडिओ लावा, बातम्या संपेपर्यंत मी पुढेच बसेन. पण एक वाजता वॉटर्लू असं ऐकू आलं तर बस वळवायची की बसमध्ये आधी सांगून टाकायचं, हे अजून ठरत नाहीये.