लाव्हाच्या टेकड्या ते आंभोरा, नाग नदीच्या मागोमाग

मागच्या रविवारी सकाळी सहालाच गाडी काढली, कारण मे महिन्यात नागपुरात दहानंतर बाहेर पडायचं म्हणजे डोक्याला दुपट्टा बांधूनही खरं नाही. मागे मावसभाऊ. जिच्या नावानं आपलं शहर ओळखलं जातं ती नाग नदी निघते तिथून सुरू करायचं आणि संध्याकाळपर्यंत तिचं पाणी जिथं जाऊन पडतं त्या आंभोऱ्याला पोचायचं, एवढंच ठरलं होतं.

वाडीच्या पुढे लाव्हाच्या टेकड्या. उगम म्हणावं असं काही दिसत नाही, मुरमाची एक कोरडी घळ आणि कडेनं पळसाची झुडपं. उताराची एक बाजू सपाट करून चुन्याच्या रेषा मारलेल्या, प्लॉट पाडले आहेत. शेळ्या घेऊन एक बाबाजी बसले होते, ते म्हणाले, "पहिले होळीपर्यंत ओल राहे इथं, पाय ठेवला का फसे. आता दिवाळीलेच कोरडं पडते." त्यांच्याच विहिरीत वाकून पाहिलं तर तळाशी भेगाळलेला गाळ आणि त्यातच बोअरचा पाईप उतरवलेला. "तीनशे फूट नेला, तरी एप्रिलात हवाच फेकते," म्हणे.

मला तिथंच बसावंसं वाटलं. गवताचा आणि झुडपांचा उतार पाणी अडवतो, ते मुरमात मुरतं आणि पाऊस संपल्यावरही महिनोन्महिने हळूहळू झिरपत नदीला येत राहतं. तो उतार सपाट करून वर सिमेंट ओतलं की तेच पाणी तासाभरात खाली धावतं. त्यात हवा एक डिग्रीनं तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो आणि मधे मोठी उघडीप. मुरायला वेळही नाही आणि जागाही नाही.

खाली अंबाझरीवर चहा घेतला. जलपर्णी काठापर्यंत आलेली. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे हाच तलाव ओसंडला होता, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खालच्या वस्त्यांत छातीपर्यंत पाणी. आमच्या आत्याचं घर तिथंच आहे, म्हणून तिच्याकडं गेलो. स्वयंपाकघरात स्विचबोर्डच्या वर चिखलाची रेघ अजून आहे, दोनदा रंग दिला तरी ती परत उमटते. आणि याच घरात जुलै 2019 मध्ये मी बादल्या भरून ठेवल्या होत्या, तेव्हा पेंच नदीवरचा तोतलाडोह जलाशय आटला होता आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी होतं. पाऊस उशिरा आला, शिवाय वर छिंदवाड्याकडे पेंचवर चौराई धरण झाल्यापासून खाली येणारं पाणीही कमी झालंय. त्या भिंतीशी उभं राहून आत्या म्हणाली, "एकदा नव्हतं म्हणून रडलो, एकदा आलं म्हणून रडलो." आपण आपल्या दारची नदी नाला म्हणून सोडून दिली आणि पिण्याचं पाणी पेंच नि कन्हानकडून आणतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शहरातला टप्पा पटकन उरकला, दोन भिंतींच्या मधून सांडपाणी वाहतंय, दुसरं काय पाहणार. कुहीकडं निघालो. नागेचं सगळं पुढं कन्हानला मिळतं आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. चारच्या उन्हात चैतन्येश्वराचं दर्शन घेऊन खाली उतरलो, समोर गोसीखुर्द धरणाचं अफाट बॅकवॉटर, दुरून इतकं सुंदर की मावसभाऊ गप्पच झाला. काठावर मात्र हिरवट फेस. जाळं सोडवत बसलेले एक ढिवर काका भेटले, त्यांनी विचारलं कुठचे, मी म्हटलं नागपूरचे. "मंग हे तुमच्याकडचंच पानी होय," इतकंच बोलून त्यांनी जाळ्यातली वनस्पती उपटून बाजूला टाकली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तरी मला मान वर करता आली नाही.

येताना बाबाजींचा नंबर घेतला होता तो सेव्ह केला. यंदा पहिला मोठा पाऊस झाला की त्यांना फोन करून परत लाव्हाला जाणार आहे, ती घळ किती दिवस वाहते ते मोजायला. कोणाला यायचं असेल तर सांगा, गाडीवर एक जागा आहे.