रकाना क्रमांक 9

एस.टी. स्थानकापासून जुन्या देवळापर्यंतचा आमचा रस्ता जेमतेम सव्वाचारशे मीटर लांबीचा आहे. त्याची नव्याने आखणी व्हावी म्हणून आम्ही रहिवाशांनी 2023 च्या जूनमध्ये अर्ज दिला आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला 2024 ची दिवाळी उलटली. या दीड वर्षातले अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा हे टप्पे मला आता धड आठवतही नाहीत. आराखडा माझ्या सुनेने काढून दिला, ती वास्तुरचनाकार आहे. बाकीचे कागद सरकारी कागद ज्या गतीने सरकतात त्या गतीने सरकले. डोक्यात अजून ठणकतो तो स्थळपाहणीच्या तक्त्यातला नववा रकाना, ज्याने आमचे अकरा आठवडे खाल्ले. गावाचे आणि कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

आधी रस्ता कोणाचा ते सांगते. पहाटे 4 पासून एस.टी.तून उतरलेली माणसे देवळाकडे चालू लागतात, हातात पिशव्या, बरोबर म्हातारी माणसे आणि पेंगुळलेली मुले. सकाळी 7 नंतर आम्ही रहिवासी, शाळेच्या रिक्षा आणि दूधवाले. दिवसभर पथारीवाले. रात्री 11 नंतर दुकानांची शटर खाली आली की त्यांच्या पायऱ्यांवर आणि मंगल कार्यालयाच्या भिंतीलगत पस्तीस-चाळीस माणसे अंथरूण टाकतात. त्यांतले बरेच जण बाजारसमितीतले हमाल, काही जण लग्नसराईत वाढपी म्हणून जाणारे, तिघी-चौघी भंगार वेचणाऱ्या बाया आणि देवळाच्या पायरीशी फुले विकणाऱ्या एक मावशी, ज्या या रस्त्यावर माझ्यापेक्षा जुन्या आहेत. भीक मागणारे मोजून पाच निघाले. हे सांगावे लागते, कारण कार्यालयात एका साहेबांनी विषय निघताच 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा मला ऐकवला होता.

कागदोपत्री आमच्या पदपथाची रुंदी अडीच मीटर आहे. मी टेप घेऊन मोजली तेव्हा फीडर पिलर (वीजवाटपाची लोखंडी पेटी), फ्लेक्सचे खांब आणि एका बँकेच्या जनरेटरच्या चौथऱ्याजवळ चालायला 90 सेंटिमीटरही उरत नव्हते. भारतीय रस्ते काँग्रेसची पादचाऱ्यांविषयीची जी मार्गदर्शिका आहे (अभियंते तिला ‘आयआरसी 103’ म्हणतात), तिच्यात निवासी भागातही किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी असावी आणि कर्बची, म्हणजे पदपथाच्या कडेची, उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असे सांगितले आहे. आमचा कर्ब काही ठिकाणी गुडघ्याला लागत होता. अर्जात हे दोन आकडे घातल्यावर अभियंत्यांचा सूर बदलला, हे नोंदवून ठेवते. ‘चालायला त्रास होतो’ या वाक्याची कोणी दखल घेत नाही, ‘1.8 ऐवजी 0.9’ याची घेतात.

आता तो तक्ता. स्थळपाहणीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्यांच्या हातात एक छापील कागद होता, झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरे फुटलेली. त्यात ओळीने झाडे, विजेचे खांब, फीडर पिलर, चेंबर, जलवाहिन्या, थांबे, फलक, परवानाधारक पथविक्रेते आणि शेवटी 9 व्या क्रमांकाला ‘अतिक्रमणे – पक्की / कच्ची / इतर’ असे रकाने होते. आमच्या आराखड्यात रात्री झोपणाऱ्यांसाठी म्हणून पाण्याचा नळ, रात्रभर उघडे स्वच्छतागृह आणि भिंतीलगत रुंद ओटा दाखवला होता. त्यामुळे ही माणसे कुठेतरी नोंदवणे त्यांना भाग होते. बिचाऱ्यांनी नवव्या रकान्यातल्या ‘इतर’पुढे लिहिले : ‘रात्री झोपणाऱ्या व्यक्ती, अंदाजे 35.’ मी शेजारीच उभी होते. मला त्यात काही वावगे वाटले नाही, उलट नोंद झाली म्हणून मी खूश झाले. तिथेच चुकले.

नवव्या रकान्यात काहीही लिहिलेले असले की नस्ती, म्हणजे फाइल, आपोआप अतिक्रमण निर्मूलन विभागाकडे जाते आणि ‘निष्कासन पूर्ण’ (म्हणजे अतिक्रमण हटवले) असा दाखला आल्याशिवाय पुढे सरकत नाही. अतिक्रमण विभागाचे पथक तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी 11 वाजता आले. त्या वेळी तिथे कोण झोपलेले असणार? त्यांनी शेरा मारला : ‘आढळ होत नाही.’ नस्ती पथ विभागात परतली. तिथल्या लिपिकांनी तक्ता आणि शेरा शेजारी शेजारी ठेवले, एकात 35 आणि दुसऱ्यात शून्य पाहिले, आणि ‘विसंगती दूर करून फेरसादर करावे’ असे लिहून ती पुन्हा अतिक्रमण विभागाकडे पाठवली. पथक पुन्हा आले, पुन्हा दिवसाच. दुसऱ्या खेपेला त्यांनी थोडे खोलात जाऊन लिहिले की हा विभाग साहित्य हटवतो, व्यक्ती नव्हे, सबब प्रकरण समाज विकास विभागाकडे वर्ग करावे. समाज विकास विभागाने कळवले की निवारागृह हा त्यांचा विषय आहे, रस्ता नाही. शिवाय निवारागृहात जागा शिल्लक असल्यामुळे रस्त्यावर सुविधा देण्याचे प्रयोजन दिसत नाही.

हे शेवटचे वाक्य वाचून माझा पारा चढला. त्या रात्री 9 वाजता मी आणि आमच्या सोसायटीचे चिटणीस ते निवारागृह पाहायला गेलो. जागा खरोखरच शिल्लक होती. आमच्या रस्त्यापासून ते साडेतीन किलोमीटर दूर होते, फक्त पुरुषांसाठी होते, आणि रात्री 10 ला दार बंद केले की सकाळी 6 पर्यंत उघडत नव्हते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या सूचनांप्रमाणे अशी निवारागृहे बाराही महिने, चोवीस तास चालायला हवी होती आणि माणशी 50 चौरस फूट जागा मिळायला हवी होती. बाजारात भाजीच्या गाड्या पहाटे 3 ला लागतात. ज्या हमालाला तीनला तिथे हजर राहायचे आहे, तो सहाला उघडणाऱ्या दाराआड कशाला जाईल? आणि फुलवाल्या मावशींनी तर जायचेच कुठे?

पथारीवाल्यांच्या बाबतीत असा घोळ झाला नाही, कारण त्यांच्यामागे 2014 चा पथविक्रेता अधिनियम आहे, नगर पथविक्रेता समिती आहे, सर्वेक्षण आहे, म्हणून तक्त्यात स्वतंत्र रकाना आहे. झोपणाऱ्या माणसाला रकाना नाही, म्हणून तो जनरेटरच्या चौथऱ्याच्या पंगतीत. (तो चौथरा मात्र नवव्या रकान्यात नव्हता, हे मला फार उशिरा लक्षात आले.)

सुटका झाली ती जनगणनेमुळे. 2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री केली होती आणि महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांहून अधिक बेघर नोंदले गेले होते. मी अर्जात एवढेच विचारले की केंद्र सरकार ज्यांना रात्री मोजते त्यांना आपले पथक सकाळी 11 वाजता कसे शोधते, आणि रात्रीची संयुक्त पाहणी करावी अशी विनंती केली. उपअभियंत्यांनी तो अर्ज दोनदा वाचला. त्यांनी स्वतः तरुणपणी जनगणनेचे काम केले होते, असे ते म्हणाले, आणि समासात ‘रात्री पाहणी करून अहवाल द्यावा’ असे लिहिले.

पाहणीला तीन विभागांपैकी एकच आला. तेच कनिष्ठ अभियंते, रात्री साडेअकराला, स्वतःच्या मोटारसायकलवर, टिफिनची पिशवी हँडलला तशीच अडकवलेली. टेपचे दुसरे टोक धरायला कोणी नव्हते म्हणून अंथरुणावरून उठलेल्या एका हमालाने ते धरले. भिंतीपासून कर्बपर्यंत मोजताना अभियंत्यांनी विचारले, “मामा, इथं ओटा केला तर किती रुंद पाहिजे?” मामांनी टेप न सोडता सांगितले, “सायेब, ओटा र्‍हाऊ द्या. पानी कुठं देताय ते सांगा आधी. तीनला उठलो की तोंड धुवायला इष्टँडवर जावं लागतं, तिथं नळ बंद असतो.” मावशी झोपल्या जागेवरूनच म्हणाल्या, “नळ भितीच्या अंगाला नको, देवळाच्या अंगाला करा. उतारूंनाबी होईल.” आराखड्यात नळ भिंतीलगत होता. सुनेने दुसऱ्या दिवशी तो हलवला.

अभियंत्यांनी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून नवव्या रकान्यातली ओळ खोडली, खोडल्याजागी सही केली आणि वेगळ्या कागदावर ‘जोडपत्र : रस्त्याचा रात्रीचा वापर’ असा मथळा देऊन तिथे सगळे लिहिले. पहाटेचे प्रवासीही त्याच जोडपत्रात गेले. नस्ती चार दिवसांत सुटली. अकरा आठवडे आणि चार दिवस!

कोणाला असे काही करायचे असेल तर आठवेल तसे सांगते. तक्ता भरला जात असताना तिथे हजर राहा आणि माणसांची नोंद अतिक्रमणात होऊ देऊ नका. वेगळे जोडपत्र पहिल्याच दिवशी मागा. प्रत्येक कागदाची आवक क्रमांकासह पोहोच घ्या. शिष्टमंडळ म्हणून वीस जण गेलो तेव्हा चहा मिळाला, दोघे गेलो तेव्हा काम झाले. नस्ती कुठे अडली आहे ते कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचे न्यायालय शुल्क तिकीट लागते. मात्र महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, माझा पहिला अर्ज तीन पानी होता आणि तो तसाच परत आला. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे, तेव्हा घाई असेल तर थेट कार्यालयात जाऊन नस्ती पाहायला मागणे बरे. 2022 पासून नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. त्याने आमचे नुकसान झाले की फायदा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आणि छायाचित्रे काढू नका. पहिल्या रात्री मी उत्साहाने मोबाइलचा फ्लॅश टाकून पुरावा गोळा करायला गेले, तर सकाळपर्यंत निम्मी माणसे दुसऱ्या गल्लीत निघून गेली होती, कारण फोटो काढला की दोन दिवसांनी अतिक्रमणाची गाडी येते असा त्यांचा अनुभव. नुसती मोजणी करा, तीही ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन. मावशींनी मला तीन दिवस फुले दिली नाहीत.

कार्यालयाला एवढे बोल लावल्यावर आमच्या सोसायटीचेही सांगितले पाहिजे. आमच्या सभेत पहिला ठराव आला होता तो पायऱ्यांवर लोखंडी टोके बसवण्याचा, आणि दुसरा, बाकांना मधोमध दांडे लावण्याचा, म्हणजे कोणी आडवे होऊ नये. टोकांचा ठराव पडला. दांड्यांवर दोन तास वाद झाला. शेवटी तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले की पहाटेच्या गाडीने उतरलेली त्यांची बहीण कंबर धरून त्याच बाकावर आडवी होते, तेव्हा दांडे कोणासाठी लावता. बाक सरळ राहिले. ओटा 45 सेंटिमीटर उंच आणि 75 रुंद झाला, दिवसा त्यावर देवदर्शनाचे लोक चपला काढून बसतात. दिव्याबद्दल मात्र मी हरले; डोळ्यांवर येणार नाही असा खाली वळवलेला दिवा मागितला होता, खांबावर पांढराफटक हायमास्ट बसला, आणि आता ओट्यावर झोपणारे तोंडावर पंचा घेतात.

नळ देवळाच्या अंगाला आहे आणि चालू आहे. स्वच्छतागृह आराखड्यात ‘24 तास’ लिहिलेले असूनही ठेकेदार रात्री 11 ला कुलूप लावतो; करारनाम्यात वेळच नमूद नाही असे त्याचे म्हणणे आहे, आणि करारनामा पाहिल्यावर ते खरे निघाले. तो बदलून घेण्यासाठी दिलेला अर्ज सध्या आरोग्य विभागाकडे आहे. आवक क्रमांक माझ्याजवळ आहे, आणि येत्या सोमवारी मी पुन्हा जाणार आहे.