सहा मिलिमीटर

मागच्या टायरांना सहा मिलिमीटर खाच शिल्लक होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळा घोळ त्या सहा मिलिमीटरनीच घातला. नवा स्पोर्ट्स टायर साधारण आठ मिलिमीटरचा निघतो आणि झीज दाखवणाऱ्या खुणा 1.6 वर असतात. त्यामुळे मापकावर सहा दिसले की तपासणारा ‘टायर ठीक’ असं लिहून मोकळा होतो. या गाडीच्या बाबतीत एकापेक्षा जास्त लोकांनी तेच लिहिलं होतं.

गाडी पोर्शे केमन, 987 पिढीतली, 18 इंची चाकांची. टायर पुढे 235/40, मागे 265/40; पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. इंजिन सीटच्या पाठीमागे, ताकद मागच्या चाकांना. मालकीणबाई स्वतः चालवत आल्या होत्या, सोबत विशीतला मुलगा. बाईंनी तक्रार इतकी नेमकी सांगितली की मी ती कार्डावर शब्दशः उतरवून घेतली: “कोरड्या रस्त्यावर काही नाही. ओल्यावर वळणातून बाहेर पडताना मागचा भाग निसटतो. पूर्वीही कधीतरी निसटायचा, पण आधी सीटमधून कळायचं. आता न सांगता निसटतो.”

त्याआधी त्या दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन आल्या होत्या. तिथे मागचे दोन्ही शॉक अब्सॉर्बर बदलले, अलाइनमेंट पुन्हा पुन्हा केली आणि शेवटी सांगितलं, “मॅडम, ही मागून ढकलणारी गाडी आहे, पावसात जरा जपून चालवा.” अलाइनमेंटचे छापील कागद बाईंनी फाइलला लावून आणले होते. सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत. आमच्या धंद्यात हिरवे आकडे आले की डोकं चालवणं बंद होतं. त्यातून तक्रार बाईमाणसाची असली की ‘चालवता येत नसेल’ हे निदान आधीच तयार असतं. पुरुषानं हेच वर्णन केलं असतं तर त्याला ‘गाडीतलं कळतं’ म्हणाले असते.

गाडी लिफ्टवर घेतली. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण तारखेसकटचा पूर्ण कोड अनेकदा टायरच्या एकाच बाजूला छापलेला असतो. ती बाजू आत गेली असेल तर बाहेरून बसून कितीही शोधा, अर्धाच कोड दिसतो. पुढच्या टायरांवर 1422 बाहेरच्याच बाजूला होतं, म्हणजे 2022 चा चौदावा आठवडा. मागच्यांचा कोड आतल्या बाजूला होता. टॉर्च मारून, चिंधीनं धूळ पुसून वाचला: 3612.

2012 चा छत्तिसावा आठवडा. पोर्शे स्वतः सहा वर्षांवरचे टायर वापरू नका म्हणते. हे त्याच्या जवळपास दुप्पट वयाचे होते.

उलगडा साधा होता. गाडी चालते कमी, त्यामुळे मागचे झिजलेच नाहीत. पुढच्यांपैकी एकाची कड मध्यंतरी फाटली, म्हणून पुढची जोडी तेवढी नवी घातली, तीही दुसऱ्या कंपनीची. खाच मागेही भरपूर, म्हणून बघणाऱ्याला मागचेही ताजेच वाटायचे. प्रत्यक्षात पुढे पकड धरणारं रबर आणि मागे न धरणारं, अशी उलटी मांडणी झाली होती. जोडीच बदलायची असेल तर चांगली जोडी मागे, हा नियम आम्ही गिऱ्हाइकाला सांगून थकतो, तो याचसाठी. पुढचं चाक आधी सुटलं तर गाडी सरळ जाऊ बघते आणि माणूस आपोआप ॲक्सिलरेटर सोडतो. मागचं आधी सुटलं तर गाडी गिरकी घेते, आणि तेव्हा ॲक्सिलरेटर सोडला तर आणखी घेते. या गाडीत मागची चाकं रुंद असल्यामुळे पुढची जोडी मागे घालायचीही सोय नाही.

माझ्याकडे एक ड्युरोमीटर आहे. सुई रबरात दाबायची आणि शोअर ए या मापात कडकपणा वाचायचा. पुढच्या टायरवर 66 आलं, मागच्यावर 81. बाईंना मी आकडा दाखवलाच नाही. त्यांना म्हटलं, पुढच्या टायरच्या ठोकळ्यात, म्हणजे दोन खाचांमधल्या रबरात, नख रोवून बघा, मग मागच्या. पुढे नखाची खूण उठली, मागे नख घसरलं. त्या एवढंच म्हणाल्या, “मग शॉक अब्सॉर्बर कशाला बदलले?”

ओल्या रस्त्यावरची पकड येते रबर खडीच्या बारीक उंचवट्यांवर दबून, तिथे वेळ काढून, उशिरानं सुटतं तेव्हा. कडक रबर दबतच नाही. कोरड्यात रबर आणि रस्ता यांचा सरळ चिकटपणा मदतीला येतो, म्हणून तिथे जुना टायरही वेळ मारून नेतो. पाण्याचा पातळ थर आला की त्याची पोलखोल होते. खाच पाणी बाहेर काढते हे खरं, पण पाणी गेल्यावर रस्ता धरायचं काम रबराचं. आणि ‘गाडी उभीच असते हो, टायर नवेच आहेत’ हे वाक्य मला फार ऐकावं लागतं. उभ्या गाडीचा टायर जास्त लवकर तडकतो. रबरात ओझोनपासून वाचवणारं मेण घातलेलं असतं, ते टायर फिरताना, वाकताना पृष्ठभागावर येतं. उभ्या टायरात ते आतच बसून राहतं. या टायरांच्या आतल्या खांद्याच्या खाचेत, तळाशी, केसाएवढ्या चिरा होत्या. चाक उतरवल्याशिवाय त्या दिसल्या नसत्या.

इथपर्यंत निदान. ते सोपं होतं. आता घालायचे कुठले?

चिरंजीव तयारी करून आले होते. त्यांना ट्रॅकवरचे, जवळजवळ स्लिक म्हणजे बिनखाचेचे टायर हवे होते. त्या टायरांच्या चाचण्यांतल्या वेळा मुलाला तोंडपाठ. या टायरांची खाच मुळातच उथळ, काठावरचे ठोकळे मोठे, आणि अंगात ऊब आल्याशिवाय ते धड वागत नाहीत. ज्या गाडीची तक्रारच पावसातली, तिला हे? मग त्यानं ट्रेडवेअरचे, म्हणजे टायर किती टिकेल ते सांगणारे, आकडे काढले: एका कंपनीचा 300, दुसरीचा 220, म्हणजे पहिला इतके टक्के जास्त टिकणार. हा गैरसमज मला छळतो. हा आकडा एका ठरावीक संदर्भ टायरशी तुलना करून काढतात, त्या टायरला 100 धरतात आणि नवा आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. कुणी हात राखून जाहीर करतं, कुणी विक्रीकडे बघून. एकाच कंपनीच्या दोन टायरांत त्यावरून काही कळतं, दोन कंपन्यांत फारसं नाही.

मग त्यानं पोर्शेच्याच कॅरेरा जीटीचा दाखला दिला. 2013 मध्ये कॅलिफोर्नियात ज्या अपघातात हॉलिवूडचा नट पॉल वॉकर गेला, ती गाडी. “टायर जुने होते म्हणून झालं ना ते?” तपासात मुख्य कारण वेग ठरलं. टायर नऊ वर्षांचे होते, हीही नोंद आहे. लोक यातलं सोयीचं अर्धं उचलतात, टायर विकणारेसुद्धा. आमच्या काउंटरवरच्या सहकाऱ्यानं लगेच मान डोलावली, कारण त्याला चार टायर खपवायचे होते. चारच लागणार होते हे खरं, पण कारण वेगळं होतं. पुढच्या टायरांचं मॉडेल मागच्या मापात मिळत नव्हतं, आणि पुढे एक कंपनी, मागे दुसरी, असा जोड अशा गाडीत मी लावत नाही.

खरा पेच होता एन खुणेचा. पोर्शे ज्या टायरांना मान्यता देते त्यांच्या कडेवर एन0, एन1, एन2 अशी खूण असते. बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजचं एमओ, तसंच हे. कित्येकांना वाटतं हा नुसता शिक्का आहे. तो नुसता शिक्का नाही. नाव तेच, नक्षी तीच, तरी खुणेच्या टायराचं आतलं बांधकाम आणि रबर त्या गाडीसाठी वेगळं जमवलेलं असू शकतं. पुढचा अंक म्हणजे त्याची सुधारित आवृत्ती. म्हणून एन0 आणि एन1 सुद्धा मिसळू नयेत.

खूण असलेला संच मिळत होता, पण पुढची जोडी ताजी आणि मागची गोदामात चार वर्षं पडलेली. सहा वर्षांचा नियम पाळायचा तर हातात दोनच वर्षं, आणि ज्या गाडीत आताच मागच्या टायराच्या वयानं घोटाळा केला तिलाच पुन्हा वयस्कर मागची जोडी घालायची! दुसरा पर्याय, एका नामांकित कंपनीचा नव्या पिढीचा टायर. चारही एकाच मॉडेलचे, कोडांमध्ये मोजक्या आठवड्यांचा फरक, ओल्या रस्त्यावरची पकड उत्तम. खूण मात्र नाही. शिवाय मागचं माप 97वाय ऐवजी 101वाय, एक्सएल या जास्त भाराच्या बांधणीतच येणारं.

हा अंक एका टायरानं उचलायच्या भाराचा: 97 म्हणजे 730 किलो, 101 म्हणजे 825. मुलगा हरखला. पण साध्या टायराचा भार 2.5 बार हवेवर मोजलेला असतो आणि एक्सएलचा 2.9 वर. गाडीला सांगितलेलीच हवा भरली तर दोघं जवळपास सारखंच वजन उचलतात. जास्तीचे किलो फुकट मिळत नाहीत. कड मात्र बऱ्याचदा जास्त ताठ मिळते.

मी खूण नसलेला ताजा संच सुचवला. कंपनीची शिफारस काय आणि मी ती का बाजूला ठेवतोय, हे बिलावर लिहून दिलं. विम्याच्या वेळी कुणी खुसपट काढलं तर कागद असावा.

मागचे टायर उतरवताना त्यांचं वय हाताला कळलं. बीड, म्हणजे टायराची रिमला धरून बसणारी कडा, रिमपासून सुटेना. सुटली तेव्हा जुन्या चामड्याच्या चपलेसारखी करकरली. या उंचीच्या टायराला मशीनचा मदतनीस हात लागतोच. व्हॉल्व्हच्या मुळाशी हवेचा सेन्सर असतो, तिथून टायर उचकटायची पट्टी सुरू करणाऱ्याच्या हाती तुटलेला सेन्सर येतो. आमच्या शिकाऊ पोराला मी हे दाखवत होतो, तर काउंटरवरून आवाज, “अजून किती वेळ?” पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी आणला, म्हणजे टायराची हलकी बाजू व्हॉल्व्हच्या जड बाजूला आली आणि बॅलन्सिंगला वजनं कमी लागली. बोल्ट टॉर्क पान्यानं, 130 न्यूटन मीटरला. एअर गननं आवळून ‘झालं’ म्हणणाऱ्यांविषयी मी इथे लिहीत नाही.

बाईंना सांगितलं, नव्या टायरावर साच्यातून निघताना लागलेला थर असतो, पहिले काही शे किलोमीटर जपून.

काही आठवड्यांनी त्या परत आल्या. पाऊस होऊन गेला होता. “आता निसटत नाही. भीती गेली.” आणि मग जरा थांबून, “पण गाडी बोलत नाही हो. पूर्वी पकड संपत आली की स्टिअरिंग हलकं व्हायचं, सीटमध्ये कळायचं. हे टायर नुसतं धरून ठेवतात. सुटतील तेव्हा आधी सांगतील का?”

याचं उत्तर मला ठामपणे देता आलं नाही. सांगतील, पण वेगाचा काटा बराच वर गेल्यावर. त्या वेगाला रस्त्यावर जायचंच कशाला, असं म्हणून विषय संपवता आला असता. मागची हवा ०.१ बारनं उतरवून त्यांच्याबरोबर एक फेरी मारली. त्यांना थोडं बरं वाटलं. मला फरक जाणवला नाही, आणि त्यांच्या कंबरेला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे एव्हाना सिद्ध झालेलं आहे.

2012 मध्ये टोयोटानं जीटी86 ही स्पोर्ट्स गाडी आणली तेव्हा तिला मिशेलिनचे प्रायमसी एचपी टायर दिले, 215 रुंदीचे. मवाळ टायर, इंधन वाचवणाऱ्या प्रियससारख्या गाडीलाही शोभणारे. कमी वेगातच गाडी हलावी आणि चालवणाऱ्याला ते कळावं, हा हेतू. लोकांनी ती घेतली आणि पहिल्याच महिन्यात चिकट, रुंद टायर घातले. तेव्हा मी त्यांना हसलो होतो. या बाईंना मात्र पकड आणि बोलणं, दोन्ही हवं आहे. खुणेचे टायर जमवणाऱ्यांनी कदाचित हेच जमवलं असेल. की फरक एक्सएलच्या ताठ कडेचा आहे? की बाईंना इतकी वर्षं सुटू घातलेल्या टायरांची सवय झाली होती, म्हणून शाबूत टायर मुका वाटतो? तिन्ही शक्यता मी उलटसुलट करून बघतोय.

सध्या मी त्याच पिढीची, एन खुणेचे ताजे टायर घातलेली दुसरी केमन शोधतोय. दोन्ही गाड्या एकाच ओल्या रस्त्यावर बाईंनीच चालवून बघायच्या, असं आमचं ठरलंय. एका गिऱ्हाइकाकडे तशी गाडी आहे. फोन केला तर म्हणाले, “पावसात? माझी गाडी?” पुन्हा विचारणार आहे.