कुरकुरीचं माप

शुक्रवार, रात्री

बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात, 4:9 ला, एकमेकांचा पाहुणचार करा एवढं सांगून येशूचा शिष्य पेत्र थांबत नाही. कुरकुर न करता करा, असंही म्हणतो. ही पुस्ती घर पाहिलेला माणूसच जोडतो. त्याची सासू तापाने पडली होती. ताप उतरला तशी ती उठली आणि आलेल्यांचं करायला लागली, हे मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. अवचित पाहुणे आले की चुलीपाशी काय चालतं, हे पेत्राला कोणी शिकवायला नको होतं.

पाळकनिवासातली, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या घरातली, कुरकुर स्वभावातून कमी येते, अंदाज चुकल्यातून जास्त येते. साखर तळाला गेलेली, नळाचा दिवस परवाचा आणि दारात चपलांचे चार जोड जास्त. अशा वेळी प्रेमाचा वचनपाठ कामाला येत नाही, डबा भरलेला असावा लागतो.

सध्या कापसाची वेचणी जोरात आहे. बाया आठला वावरात जातात, दिवस मावळला की घरी येतात, हातपाय धुतात आणि मग पाळकाकडे येतात. कुणाला प्रार्थना हवी असते, कुणाला लेकीच्या सोयरिकीचं विचारायचं असतं. म्हणजे माणसं येतात ती सात ते नऊच्या दरम्यान, ऐन जेवणाच्या वेळी. 'साहेब हायेत का घरी?' ही हाक आली की तव्यावरची भाकर करपते. त्यामुळे डिसेंबरात या घराचा स्वयंपाक साडेसहाला आटोपलेला बरा. वरण कुकरमध्ये, भाकरी टोपल्यात फडक्याखाली. मे महिन्यात सगळं उलटं असतं. पारा पंचेचाळीसला टेकला की दुपारी चिटपाखरू फिरकत नाही, पण सकाळी साडेसहाला कुणीतरी ओट्यावर येऊन बसलेलं असतं.

जेवायला माणसं वाढली तर बेसन. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, म्हणजे तिघाचौघांचं भागतं. पीठ आधी थोड्या थंड पाण्यात कालवून मगच फोडणीत ओतायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की वरून शिजतं, आत कोरडं राहतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. वरून सांबार. पुण्याकडचे पाहुणे असले तर इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर ते इडलीची वाट पाहत बसतात.

मुक्कामाला येणाऱ्यासाठी शूनेमच्या बाईची यादी अजून पुरते. बायबलातल्या 2 राजे 4:10 मध्ये तिने अलीशा संदेष्ट्यासाठी गच्चीवर लहानशी खोली केली आणि तिच्यात पलंग, मेज, बसायला आसन आणि दिवा ठेवला. चारच वस्तू. आपल्याकडे त्यात मच्छरदाणी आणि झाकणाचा पाण्याचा गडवा वाढवायचा. दिव्याच्या जागी चार्ज केलेली बॅटरी चालते, पण ती खरंच चार्ज आहे का, हे पाहुणा यायच्या आधी बघायचं.

शनिवार

उद्या महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा.

वेदीवर दिसतं ते पंधरा मिनिटांचं. मागे तयारी असते ती शनिवार दुपारपासूनची, आणि खेड्यातल्या मंडळीत (चर्चच्या समाजात) ती बहुतेक पाळकीणबाईंच्या ओट्यावरच होते. बाटलीबंद द्राक्षरस तालुक्यालाही मिळेल याचा भरवसा नाही, आणि मिळाला तर साखर घातलेला. म्हणून मनुके.

पन्नास-पंचावन्न माणसांना काळे मनुके पाव किलो घ्यायचे. तीन-चार पाण्यांतून धुवायचे, कारण मनुक्यांवर तेलाचा हात असतो आणि देठात माती अडकलेली असते. पाऊण लिटर प्यायच्या पाण्यात सात-आठ तास भिजवायचे. दुपारी भिजवले की रात्रीच्या जेवणानंतर ते फुगलेले सापडतात. मग त्याच पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं, झाकण ठेवून. खळखळ उकळू द्यायचं नाही, चव करपट होते आणि रस आटतो. कोमट झाल्यावर हातानेच कुस्करायचं. मिक्सरमधून काढलं तर बियांचा कडवटपणा उतरतो आणि रस गढूळ होतो. धुतलेल्या पातळ सुती कापडातून पिळून घेतलं की अर्धा लिटर किंवा थोडं वर निघतं. छोट्या पेल्यात आठ-दहा मिलिलिटर पडतं, म्हणजे पुरतं. साखर अजिबात घालायची नाही. चवीचं राहू द्या, पण साखरेने पेले चिकट होतात आणि मुंग्या बोलावल्यासारख्या येतात.

मुंग्यांचं गंमत म्हणून सांगत नाही. रात्रीतून लाल मुंग्यांची ओळ भिंतीवरून उतरून तबकापर्यंत पोचते, आणि सकाळी साडेनऊला झाकण उघडणाऱ्या वडीलजनांना ती दिसते. उपाय साधा आहे. मोठ्या परातीत पाणी भरायचं, मधोमध वाटी उपडी घालायची आणि तिच्यावर रसाचं भांडं ठेवायचं. परातीच्या काठाला कापडाचं टोक लागलं की मुंग्यांना पूल मिळतो, तेवढं बघायचं.

डिसेंबरच्या थंडीत रस रात्रभर बाहेर टिकतो. एप्रिल-मेमध्ये टिकत नाही. रात्री केलेल्या रसाला सकाळी फेस असतो, वास बदललेला असतो. फ्रिज असला तरी रात्री वीज किती तास जाईल हे कुणाच्या हातात नाही. उन्हाळ्यात म्हणून मनुके रात्री भिजवायचे आणि रस पहाटे पाचला करायचा. झोप मोडते, पण मंडळीला आंबलेला रस द्यायची वेळ येत नाही.

भाकर म्हणून कुठे स्लाइसचा पाव असतो, कुठे बिनखमिराची पोळी. पावाच्या कडा काढून पाऊण ते एक इंचाचे तुकडे केले तर एका स्लाइसचे बारा-पंधरा होतात. पाच स्लाइस पुष्कळ झाल्या. तुकडे रात्री करून ठेवले तर सकाळी खडे होतात, म्हणून सकाळी आठला कापायचे आणि घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याखाली ठेवायचे. फडकं जास्त ओलं राहिलं तर पाव लिबलिबीत होतो.

सगळे एकाच पेल्यातून घेतात की छोटे पेले फिरतात, यावरून नवी सून आणि सासरची मंडळी यांच्यात पहिल्याच महिन्यात बोलणं होतं. त्यात चूक कुणाचीच नसते. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या, म्हणजे आपापल्या रीतींची चर्च, एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, मेथडिस्ट होते. लेकराचा बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही चालतील असं तिथे ठरलं. कागदावर एकी झाली. पण सवयी कागद वाचत नाहीत, त्या आईकडून लेकीकडे जातात. पाळकाच्या घरात आलेल्या सुनेने पहिलं वर्ष फक्त बघावं, तबक कोणत्या हाताने सरकतं इथपासून. सुधारणा दुसऱ्या वर्षी.

पेल्यांचं एक राहिलं. आपलं बोअरचं पाणी जड. काचेचे पेले धुऊन तसेच वाळवले की त्यांवर पांढरी पुटं चढतात, आणि खडूसारखी दिसणारी ती पुटं साबणाने निघत नाहीत. अर्धी वाटी व्हिनेगर आणि चार वाट्या कोमट पाणी यात दहा मिनिटं बुडवायचे, साध्या पाण्यातून काढायचे आणि लगेच कोरडे पुसायचे. पांढऱ्या चादरीवर रस सांडला तर डागावर साबणाची वडी घासायची नाही, डाग पक्का बसतो. आधी गार पाणी, मग मीठ-लिंबू, मग ऊन.

उरलेला रस मोरीत ओतत नाहीत. झाडाच्या बुंध्याशी ओततात.

रविवार, दुपारी

उपासनेनंतरचा चहा. पंचवीस जणांना छोट्या कपांनी दोन लिटर लागतो. दूध एक लिटर, पाणी सव्वा लिटर (पाव लिटर आटतं), चहापत्ती तीस-पस्तीस ग्रॅम, साखर सव्वाशे ते दीडशे. आलं पाण्यातच पाच मिनिटं उकळायचं, दूध नंतर. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर दूध फाटू शकतं, आणि ते नेमकं पंचवीस माणसं ओट्यावर बसलेली असताना फाटतं.

चहा चालू असताना आत दान मोजणं चालतं. या बाबतीत घराने ताठ राहावं. मोजायला दोन माणसं हवीत, त्यांत पाळकाच्या घरचं कोणी नको. नोटांची प्रतवारी, चिल्लर वेगळी, आकडा वहीत, दोघांच्या सह्या, आणि पिशवी खजिनदाराच्या घरी. सोमवारी बँक. बिघडतं ते असं: खजिनदार गावाला गेलेला असतो, पिशवी पाळकाच्या कपाटात येते, मंगळवारी सिलिंडर संपतो आणि पगार व्हायला अजून अवकाश असतो. हजार रुपये काढले, शनिवारी परत ठेवले, चोरी कुणीच केली नाही. पण त्या चार दिवसांत कुणी वही मागितली तर त्या घराला सांगायला काही नसतं. कपाटात पिशवी नसेल तर हा मोहही नाही आणि नवराबायकोत त्यावरून वादही नाही.

हंगामाच्या सणाला पैशांऐवजी माल येतो. तुरी, सोयाबीन, ज्वारी, कोहळं, गावरान कोंबडी. तिचे पाय नीट बांधा, नाहीतर उपकारस्तुतीचं गीत एकीकडे आणि ती दुसरीकडे. लिलाव झाल्यावर उरलेलं धान्य घरात ठेवायचं झालं तर दोन दिवस कडक ऊन देऊन, पूर्ण गार झाल्यावर कोठीत भरायचं. गरम भरलं की आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. कोणी किती आणलं हे पाटीवर लिहू नये. वहीत मालाचं वजन लिहावं, नाव नाही. पायलीभर आणणारी बाई पुढच्या वर्षी रिकाम्या हाताने यायला लाजते आणि मग उपासनेलाच येत नाही.

सोमवार

पाळकाची सुटी सोमवारी, असं म्हणायचं. मयत सुटी बघत नाही. तरी सोमवारी दुपारी दोन ते पाच दार ओढून घेतलेलं चालतं. मंडळी समजून घेते, फक्त दर सोमवारी तेच घडायला हवं. एका सोमवारी उघडं आणि एका सोमवारी बंद ठेवलं की बंद दाराचा अर्थ लावला जातो.

नवराबायकोचं बिनसतं ते शिकवणीवरून क्वचितच. 'चार जण जेवायला येतायत' हे साडेसातला सांगितलं म्हणून बिनसतं. इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं बायकांनी अधीन असण्याचं वचन उपदेशात वारंवार येतं. त्याच्या आधीच्या ओळीत, 5:21 ला, एकमेकांच्या अधीन असा म्हटलंय, ते वाचताना आवाज जरा खाली येतो. घरात त्या ओळीचा अर्थ एवढाच घेतला तरी पुष्कळ आहे: पाहुण्यांचा आकडा दुपारी चारच्या आत सांगायचा, फोन ताटापासून दूर ठेवायचा, आणि बायकोच्या नावावर महिला मंडळाचं काम तिला विचारल्याशिवाय लावायचं नाही. पगारपत्रकावर नाव एकाचं असतं आणि राबतात दोघं, हे निदान त्या घरात तरी कबूल असावं.

गुपितांचंही आहेच. माणसं पाळकाला सांगतात ते पाळकाने घरी सांगायचं नसतं. हापशीवर मात्र सगळ्या बाया पाळकीणबाईंनाच विचारतात, 'काय म्हणे त्यायच्या घरचं?' खरंच माहीत नसणं हीच मोठी सोय असते. 'मला नाही सांगत ते, त्यांनाच विचारा,' हे उत्तर खोटं नसलं की सहज निघतं. याला जोडून आणखी एक: एकट्या बाईच्या घरी प्रार्थनेला जायचं तर पाळकीणबाई किंवा मंडळातली एखादी वयस्क आत्या सोबत असावी, आणि दार उघडं असावं.

रात्रीची कौटुंबिक प्रार्थना पंधरा मिनिटांची. एक गीत, स्तोत्राच्या आठ-दहा ओळी, प्रार्थना. रोज पाळकानेच प्रार्थना केली की तिचा दुसरा उपदेश होतो आणि लेकरं पेंगतात. पाळी लावावी. सात वर्षांचं लेकरू कुत्र्यासाठी प्रार्थना करतं, आजी गुडघ्यांसाठी करते, आणि पाळकाला दिवसातून एकदा तरी दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणायला मिळतं. इफिस 4:26 प्रमाणे सूर्य मावळेपर्यंत राग आटोपायचा तो याच वेळी. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आतच मावळतो, तेवढी सवलत धरायची.

मंगळवार

नाताळाच्या गीतांच्या फेऱ्या आता सुरू होतील. पोरं रात्री दीड-दोनला ढोलकी घेऊन शेवटच्या घरी येतात, आणि शेवटचं घर नेहमी पाळकाचंच असतं. तीस जणांना गुळाचा चहा. गूळ उकळत्या दुधात टाकू नये, नासतं. चहा तयार करून आच बंद करायची, गूळ किसून वेगळ्या गंजात (पातेल्यात) ठेवायचा, वरून चहा गाळायचा आणि डावाने ढवळायचं. तीसला अडीच लिटर लागतो. दूध संध्याकाळीच सांगून ठेवायचं. त्या वेळी गवळ्याला उठवता येत नाही.